रुपयामागे एक पै : महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुण्यस्मरण

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी देणगीदारांची यादी छापली जाते. मोठ्या रकमा वर आणि लहान रकमा खाली, असा तिचा क्रम असतो. ही यादी वाचताना प्रस्तुत लेखकास नेहमी एका थोर पुरुषाची आठवण होते. त्याने आपल्या कार्यास आरंभ केला तो रुपयामागे एका पैने. हा पुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे उर्फ अण्णासाहेब होत.

अण्णासाहेबांचा जन्म ता. १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला. त्यांचे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातील मुरूड या गावी गेले. घरची स्थिती बेताची होती, तथापि आईबापांची वृत्ती स्वाभिमानी होती. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी या नावाचे एक शिक्षक होते. केवळ धडे पाठ करून घेण्यात ते समाधान मानणारे नव्हते. दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या मंडळींस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम लहान धोंडूकडे आले, ते त्यांच्याच प्रेरणेने. गावाचे काम ते आपले काम, हा संस्कार त्या कोवळ्या मनावर तेथेच घडला. एक खेडेगावचा शिक्षक किती दूरवर पोचू शकतो याचा हा दाखला आम्हा शिक्षकांस मोठा धीर देणारा आहे.

सन १८७५ मध्ये सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांसह भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. तेथे परीक्षकांना तो फारच लहान दिसला. त्याच्या वयाविषयी त्यांची खात्री पटेना, आणि परीक्षेस न बसताच त्याला परतावे लागले. दुसरा एखादा खचला असता. कर्वे मात्र पुन्हा अभ्यासास लागले. १८८१ साली ते मुंबईहून मॅट्रिक झाले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

मुंबईस शिकवण्या करून पोट भरीत असतानाच त्यांनी एक नेम केला. मिळकतीच्या प्रत्येक रुपयामागे एक पै परोपकारार्थ बाजूस काढावयाची. बारा पैचा एक आणा व सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग! आजच्या वाचकांनी पै पाहिलेलीही नसेल. परंतु रक्कम क्षुल्लक होती म्हणूनच तो नेम टिकला, आणि नेम टिकला म्हणूनच पुढे कार्य वाढले. मुरूडच्या हितासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. बाहेरगावी चार पैसे मिळविणाऱ्या गावकऱ्यांनी आपल्या जन्मग्रामास विसरू नये, हा त्यातील हेतू होता.

१८९१ साली अण्णासाहेबांची पहिली पत्नी राधाबाई निवर्तली. त्याच वर्षी ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्याप्रमाणे ता. ११ मार्च १८९३ रोजी, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी त्यांनी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे या नावाने प्रसिद्ध झाल्या.

यानंतर जे घडले ते सांगताना संकोच वाटतो, परंतु ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हे दांपत्य मुरूडास जाऊन आल्यावर गावाची सभा भरली. कर्वे यांस वाळीत टाकावे, ते असतील त्या बैठकीस कोणी बसू नये, आणि त्यांना घरात घेतल्यास त्यांच्या घरच्या माणसांसही वाळीत टाकावे, असे ठरले. ज्या गावासाठी त्यांनी पै पै जमविली होती, त्याच गावात त्यांना स्वतःच्या आईच्या घराचे दार बंद झाले. हा निर्णय देणारे परके नव्हते. ते आपलेच ज्ञातिबांधव होते.

अण्णासाहेबांनी कोणास दूषण दिले नाही. केवळ विवाहाने विधवांचा प्रश्न सुटणार नाही, त्यांना विद्या देऊन स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, हे ओळखून १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादुर गोखले यांनी हिंगणे येथे जमीन दिली आणि १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवावे आणि मग चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जावे, असा त्यांचा क्रम होता. मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनीही संस्थेसाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्रींच्या नावे त्या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. लोकांच्या लक्षात ते पंधरा लाख राहतात. परंतु ते येण्यापूर्वी चोवीस वर्षे लहान वर्गणीदारांनी कार्य जिवंत ठेवले होते, हे विसरून चालणार नाही.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, ते शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्याच्या उद्योगास लागले आणि त्यासाठी पुन्हा वर्गणी मागत दारोदार फिरले. १९४४ मध्ये जातिभेद मोडावा म्हणून त्यांनी समता संघ काढला. १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ता. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे कृतार्थ आयुष्य भोगून ते निजधामास गेले. ज्या मुरूडने त्यांना दूर लोटले, त्याच मुरूडात आज त्यांचे स्मारक उभे आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ज्ञातीच्या हाती दोन गोष्टी असतात : एक थैली आणि दुसरे दार. थैली उघडी आणि दार बंद, असे असेल तर त्या दानाचे पुण्य अर्धेच होय. प्रस्तुत लेखकाच्या मॅट्रिकच्या परीक्षेची फी अशाच एका लहान फंडातून भरली गेली होती. ती कोणाकोणाच्या वर्गणीतून आली हे त्यास कधीच कळले नाही. म्हणून एवढीच विनंती आहे की, यंदाच्या मदतीच्या अर्जांवर विचार करताना अर्जदाराने कोणाशी लग्न केले, तो कोणाच्या पंक्तीस बसला, हे विचारू नये. त्याची गरज तेवढी पाहावी. आणि यादीत शेवटी छापल्या जाणाऱ्या वर्गणीदाराने मनात कमीपणा मानू नये. अण्णासाहेबांची पैही त्याच ओळीत बसली असती.

इति शम्.