सोकोतोच्या शिक्षिका : नाना अस्माऊ



शीर्षकातील 'नाना' हा शब्द वाचून आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे आईचे वडील उभे राहिले असतील. परंतु ज्या देशाची ही हकीकत आहे त्या नायजेरियाच्या उत्तर भागातील हौसा भाषेत 'नाना' हा स्त्रीच्या नावाआधी लावावयाचा आदराचा शब्द आहे. आपण बाईसाहेब म्हणतो तसा. या नाना अस्माऊ इ. स. १७९३ मध्ये जन्मल्या आणि १८६४ मध्ये अल्लाहच्या रहमतीत गेल्या.

त्यांची आठवण मला दर जून महिन्यात होते. शाळा उघडली की काही पालक दाखला मागावयास येतात. मुलगी सातवी-आठवी झाली, आता पुरे, असे त्यांचे म्हणणे असते. कोणी परिस्थिती सांगतो, कोणी शाळेचे अंतर सांगतो. ती कारणे मला समजतात. पण कोणी जेव्हा दीनचे नाव पुढे करतो तेव्हा मी वाद घालीत बसत नाही. त्यांना खुर्चीवर बसवून या बाईंची हकीकत सांगतो. तीच आज आपणांस सांगावयाची आहे.

अस्माऊ यांचे वडील शेख उस्मान दान फोदियो. 'दान' म्हणजे पुत्र आणि 'फोदियो' म्हणजे विद्वान. एका आलिमाचे चिरंजीव असा त्या नावाचा अर्थ. फुलानी जमातीतील हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इल्मसाठी प्रसिद्ध होते. शेखसाहेब कादिरी सिलसिल्याचे होते. म्हणजे ज्या हजरत अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांची ग्यारहवी आपल्या मोहल्ल्यात होते, त्यांच्याच नावाने तिकडे हजारो मैलांवर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस जिक्रच्या मैफली भरत.

घरात जुळी मुले झाली. त्या मुलखात जुळ्यांतील मुलाचे नाव हसन आणि मुलीचे हुसैना ठेवण्याची चाल आहे. मुलाचे नाव हसन ठेवले गेले, पण मुलीचे नाव वडिलांनी चालीबाहेर जाऊन अस्मा ठेवले. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या कन्या हजरत अस्मा यांनी हिजरतच्या वेळी गुहेत असलेल्या प्रेषितांना व आपल्या वडिलांना शिदोरी पोचविली होती, हे आपणांस ठाऊक आहेच. हौसा बोलीत अस्माचे अस्माऊ झाले. पुढे जे घडले ते पाहून लोक म्हणू लागले, की शेखसाहेबांना जणू आधीच उमगले होते.

कारण या मुलीच्या नशिबीही हिजरत आली. देगेल नावाच्या गावी राहून शेखसाहेब वाज करीत. गोबीर राज्याचे राजे नावाला मुसलमान, पण जुलमी कर आणि जुन्या पूजाविधी यांत गुंतलेले. त्यांना हा वाढता जनसमुदाय खुपू लागला. एका राजाने तर पुरुषांनी फेटा आणि स्त्रियांनी बुरखा वापरू नये असा हुकूम काढला. अखेर फेब्रुवारी १८०४ मध्ये शेखसाहेबांना अनुयायांसह देगेल सोडून गुदू येथे जावे लागले. अस्माऊ तेव्हा अकरा वर्षांच्या आतबाहेर होत्या. पुढची चार वर्षे लढाईची, उपासमारीची आणि भटकंतीची गेली. १८०४ च्या अखेरीस त्सुन्त्सुआ येथील एकाच पराभवात सुमारे २,००० माणसे पडली, आणि त्यांत २०० जण हाफिज होते. ज्या छोट्या समाजाचे २०० हाफिज एका दिवसात जातात त्याची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करा! १८०८ मध्ये गोबीरची राजधानी अल्कलावा पडली आणि सोकोतोच्या खिलाफतीचा पाया भक्कम झाला. सोकोतो शहर १८०९ मध्ये अस्माऊंचे सावत्र बंधू मुहंमद बेल्लो यांनी वसविले.

राजकारणाचा भाग एवढा पुरे. मला सांगावयाचे आहे ते घराच्या आतले.

शेख उस्मान यांच्या वाजला पुरुषांबरोबर स्त्रियाही बसत. काही आलिमांनी त्यावर हरकत घेतली. शेखसाहेबांनी उत्तर देवविले, की स्त्रियांना अज्ञानात ठेवणे हे त्याहून मोठे नुकसान आहे. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पत्नीला आणि मुलींना दीनचे आवश्यक ज्ञान देणे हे पुरुषाचे कर्तव्य आहे. तो ते करीत नसेल तर स्त्रीने ज्ञानासाठी घराबाहेर पडावे, त्यास पतीची परवानगी लागत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. हे लिहिणारा कोणी नव्या वळणाचा सुधारक नव्हता. मालिकी फिकहचा मोठा जाणकार, हजारोंचा पीर आणि एका राज्याचा संस्थापक होता.

त्यांच्या घरात हे नुसते लिहिण्यापुरते नव्हते. अस्माऊंची आई लहानपणीच वारली. सावत्र आयांनी त्यांना वाढविले आणि शिकविले. फुलानी ही घरची भाषा, अरबी ही विद्येची, हौसा ही बाजाराची व बहुजनांची आणि तमाशेक ही वाळवंटातील तुआरेग लोकांची, अशा चार भाषा त्यांना अवगत झाल्या. थोरली बहीण खदीजा हीही विदुषी होती.

१८०७ मध्ये अस्माऊंचा निकाह गिदादो दान लैमा यांच्याशी झाला. त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या काळचा तो रिवाज होता. आज तो आपल्याला नको. परंतु लक्षात घ्या, की लग्नाने त्यांचे शिक्षण संपले नाही. गिदादो हे बेल्लोंचे जिवलग मित्र व पुढे त्यांचे वजीर झाले. १८१७ मध्ये शेखसाहेब वारले, तेव्हा त्यांच्या लिखाणाची जुळवाजुळव या पतिपत्नींनी मिळून केली. स्कॉटिश प्रवासी क्लॅपर्टन १८२४ मध्ये सोकोतोस आला तेव्हा त्याचा पाहुणचार याच वजिरांनी केला होता. घरात मुले, पाहुण्यांची वर्दळ, वजिराच्या वाड्याचा कारभार, आणि त्यातच १८२० पासून अस्माऊंचे लिखाण सुरू झाले ते अखेरपर्यंत. त्यांच्या साठाहून अधिक रचना आज उपलब्ध आहेत. जुन्या काव्याच्या प्रत्येक जोडओळीला आपल्या तीन ओळी जोडून पाच ओळींचे कडवे करावयाचे, हा तख्मीस नावाचा प्रकार त्यांच्या विशेष आवडीचा होता. आपल्या उर्दू मुशायऱ्यांच्या शौकिनांना त्याची ओळख असेलच.

आता खरी गोष्ट. विद्वान स्त्रिया इतिहासात पुष्कळ झाल्या. अस्माऊंचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. त्यांनी पाहिले, की शहरातील चार घरच्या मुली शिकल्या तरी खेड्यापाड्यांतील हजारो बायका कोऱ्याच राहिल्या आहेत. त्यांना अरबी येत नाही. लेकरे, जनावरे, दळणकांडण सोडून त्या सोकोतोस येऊ शकत नाहीत. शिवाय लढायांत बंदी होऊन आलेल्या, परक्या घरांत पडलेल्या स्त्रिया होत्या. आजारपण आले, मूल दगावले, की या बायका 'बोरी' करणाऱ्यांकडे धावत. बोरी म्हणजे आपल्याकडे अंगात येते तसाच प्रकार.

अस्माऊंनी काय केले? त्यांनी या बायकांच्या भाषेत लिहावयास घेतले. अरबी त्यांना उत्तम येत होती, अरबीत लिहून उलेमांची वाहवा मिळविता आली असती, आणि तेही त्यांनी केले. पण वुजू, नमाज, रोजा, जकात, प्रेषितांचे चरित्र, खिलाफतीचा इतिहास हे सारे त्यांनी फुलानी आणि हौसा पद्यांत बसविले. पद्य पाठ होते. पाठ झालेले विसरत नाही. आणि जात्यावर बसूनही म्हणता येते. कुराण शरीफच्या सगळ्या ११४ सूरांची नावे एका पद्यात गुंफून त्यांनी ती रचना फुलानी, हौसा आणि अरबी अशा तिन्ही भाषांत केली. आमच्यासारख्या मास्तरांनी यावरून बोध घ्यावा. मातृभाषेत समजावून सांगण्यात कमीपणा वाटणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

पद्ये झाली, पण ती पोचवावयाची कोणी? १८३० नंतरच्या काळात त्यांनी 'यान तारू' नावाची स्त्रियांची संघटना उभी केली. यान तारू म्हणजे एकत्र जमणाऱ्या. प्रत्येक भागासाठी एक प्रमुख बाई नेमली. तिला 'जाजी' म्हणत. व्यापारी तांड्याच्या म्होरक्याला तिकडे हाच शब्द आहे. जाजी आपल्या गावच्या बायकांचा तांडा घेऊन पायी सोकोतोस येई. या तांड्यांत दोन वयाच्या स्त्रिया असत: ज्यांची मुलेबाळे मोठी झाली आहेत अशा प्रौढ बायका, आणि लग्नाआधीच्या लहान मुली. मधल्या वयाच्या लेकुरवाळ्या बायका घर सोडू शकत नसत. म्हणून जाजी अस्माऊंकडून धडा पाठ करून घेई आणि परत जाऊन त्यांच्या दारात शिकवी. म्हणजे शिकणारी शाळेत येऊ शकत नाही तर शाळा तिच्या अंगणात! येताना बायका धान्य, लोणी, मध, कापड अशा जिनसा आणीत, आणि अस्माऊ त्या गरजूंना वाटून टाकीत.

प्रत्येक जाजीला अस्माऊ स्वतः एक मोठी गवती टोपी देत. तिला 'मल्फा' म्हणतात. तिच्यावर तांबड्या कापडाची पट्टी बांधलेली असे. आता यातील शहाणपण पाहा. ही टोपी पूर्वी गोबीरमध्ये बोरीच्या मुख्य बाईची निशाणी होती. अस्माऊंनी त्या जुन्या मानाच्या टोपीची टवाळी केली नाही. तीच उचलून शिक्षिकेच्या डोक्यावर ठेवली. ज्या खुणेकडे पाहून गावच्या बायका आदराने बाजूला सरत, ती खूण आता इल्म घेऊन येणाऱ्या बाईची झाली. टोपी आणि तांबडी पट्टी दिसली की रस्त्यात त्यांना कोणी त्रास देत नसे.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. सोकोतोच्या राज्यात गुलामगिरी मोठ्या प्रमाणावर होती. शेते आणि वाडे बंदिवानांच्या कष्टांवर चालत, आणि अस्माऊंचा वाडाही त्यास अपवाद नव्हता. त्यांना लिहिण्यास जी सवड मिळाली तिच्यामागे हे हातही होते. थोरांचे चरित्र सांगताना एवढे आपण विसरू नये. त्याच बंदिवान स्त्रियांना त्यांनी समाजात सामावून घेण्याचा प्रयत्न केला, हेही तितकेच खरे.

१८३७ मध्ये बंधू बेल्लो गेले, १८५० च्या सुमारास पती गिदादो गेले. दोघांवर त्यांनी शोकगीते लिहिली. पण त्यांची शोकगीते केवळ राजपुरुषांवर नाहीत. मैत्रिणींवर आणि साध्या बायकांवरही आहेत. कोणी भुकेल्यांना जेवू घातले, कोणी भांडणे मिटविली, एवढेच त्यांचे कर्तृत्व. पण त्यांची नावे त्यामुळे राहिली. अस्माऊंच्या पश्चात यान तारूचे काम त्यांची बहीण मरियम हिने पुढे चालविले.

मार्च १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सोकोतो जिंकले. खिलाफत गेली, सुलतान नावापुरते उरले. १९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला. या सगळ्या उलथापालथीत अस्माऊंचे कागद कोठे होते? घरातच होते. गिदादोंच्या वंशात वजीरपद चालत आले, आणि विसाव्या शतकातील वजीर जुनैदू यांनी, जे स्वतः मोठे विद्वान होते, ती हस्तलिखिते जिवापाड जपली. तिकडे शिक्षणखात्यात काम केलेल्या जीन बॉइड या इंग्रज बाईंना त्यांनी ती दाखविली. त्यांतून १९८९ मध्ये चरित्र आणि १९९७ मध्ये समग्र रचनांचे इंग्रजी भाषांतर जगापुढे आले. नायजेरियात आज कित्येक शाळांना आणि स्त्रियांच्या संस्थांना अस्माऊंचे नाव आहे, आणि यान तारूच्या बायका डोक्यावर तीच गवती टोपी घालून अजूनही शिकवावयास निघतात.