जिम कॉर्बेट : नरभक्षक मारले, पण मोठ्या बंदुकीचा हट्ट धरला नाही

उसाच्या फडात बिबट्या दिसला की पारावर पहिली चर्चा बंदुकीची सुरू होते. कुणी म्हणतं बारा बोअरने काय होतंय, चांगली विलायती मॅग्नम रायफल पाहिजे. मॅग्नम म्हणजे नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दारू आणि जास्त जोर. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ साली काढलेलं .३७५ मॅग्नम काडतूस आजही जगभरातल्या शिकाऱ्यांत मानानं घेतलं जातं. पण ज्या माणसाने कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात सगळ्यात गाजलेले नरभक्षक मारले, त्याच्या हातात बऱ्याचदा याहून कितीतरी हलकी बंदूक असायची. म्हणून आज जिम कॉर्बेटबद्दल.

जन्म २५ जुलै १८७५, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. जिम लहान असतानाच ते गेले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. थंडीत सगळं घर खाली कालाढुंगीला यायचं, आणि पोराची शाळा म्हणजे तिथलं जंगल. पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची. दुनळी, पण एक नळी फुटलेली, दस्ता तारेने बांधलेला! पुढे शाळेत कॅडेट असताना त्याला .४५० मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. तिचा धक्का मोठ्या माणसाचा खांदा हलवेल असा. पोरगा दहा-अकरा वर्षांचा. त्याच रायफलीने त्याने पहिला बिबट्या मारला.

नोकरी रेल्वेची. बिहारमधल्या मोकामा घाटावर गंगेच्या काठी माल उतरवून चढवण्याचं कंत्राट त्याने वीसेक वर्षं सांभाळलं. शिकार हा पोटाचा धंदा कधीच नव्हता. नरभक्षक मारण्यासाठी तो बक्षीस घेत नसे, आणि ठरवलेलं बक्षीस आधी रद्द करा अशी त्याची अटच असे.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्याला बोलावलं गेलं. नेपाळात दोनशे आणि इकडे कुमाऊँत दोनशे छत्तीस, अशी ४३६ माणसं तिच्या नावावर. गावातली माणसं दिवसाही दार उघडेनात. तहसीलदाराने तीनेकशे लोक जमवून हाका घातला. कॉर्बेटकडे .५०० ची जड रायफल होती, पण काडतुसं फक्त तीन. तिन्ही उडाली. दोन लागली, वाघीण मात्र उभीच. मग हा पळत गेला आणि तहसीलदाराच्या हातातली जुनी बंदूक घेऊन आला. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट होती, म्हणजे उडवणाऱ्याच्याच तोंडावर फुटायची भीती. वीसेक फुटांवरून उघड्या जबड्यावर नेम धरला, गोळी लागली पंजाला. पण आधीच्या दोन गोळ्यांनी काम केलेलं होतं. वाघीण कोसळली.

खरी गोष्ट नंतर कळली. तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा हाडापर्यंत गेलेला होता. कधीतरी कुणीतरी नेम न साधता झाडलेली गोळी! नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसावर आली. म्हणजे ४३६ बळींचा हिशोब एका चुकलेल्या बारापासून सुरू होतो. तो बार कुणाचा होता, हे कुणालाच कळलं नाही. मोठी रायफल घेऊ म्हणणाऱ्यांनी हे दोन सुळे आठवावेत, असं आम्हाला वाटतं. जोरदार गोळीही भलत्या जागी लागली तर जनावर मरत नाही, जखमी होऊन निघून जातं.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली, दस्त्यावर चांदीची पट्टी लावून. तिची गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची. त्याच्याच जवळच्या जेफ्री कंपनीच्या .४५०/४०० दुनळीची गोळी सव्वीस ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ तिप्पट. त्या काळी साहेबलोक आणि संस्थानिक अशा दुनळ्या लंडनहून घडवून आणत. कॉर्बेटने दोन्ही वापरल्या, पण डोंगर चढताना हलकीच बरी.

आठ वर्षांत १२५ माणसं खाणारा रुद्रप्रयागचा बिबट्या त्याने १९२६ च्या मे महिन्यात आंब्याच्या झाडावर बसून हलक्या रिग्बीनेच मारला. बंदुकीला बांधलेला टॉर्च क्षणभर लागला आणि विझला, तेवढ्यात बार झाला. १९३० मध्ये ६४ माणसं मारणाऱ्या चौगढच्या वाघिणीशी तर अचानक गाठ पडली. अंतर आठ फूट. डाव्या हातात नुकतीच उचललेली पक्ष्याची दोन अंडी. वाघिणीची नजर न मोडता, एका उजव्या हाताने रायफल इंचाइंचाने फिरवत त्याने बार काढला. जड दुनळी असती तर हे एका हाताने जमलं असतं का? आम्हाला नाही वाटत. आणि अंडी? ती त्याने परत नेऊन जागेवर ठेवली.

जड बंदूक निरुपयोगी होती असंही नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकच्या वाघिणीला, त्याच्या शेवटच्या नरभक्षकाला, अंधार पडता पडता दुनळीनेच लोळवलं. तिच्या धक्क्याने तो स्वतः खडकावरून मागे, खाली बसलेल्या माणसांच्या अंगावर पडला!

तोवर त्याचा ओढा कॅमेऱ्याकडे वळला होता. १९३६ ला देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागे त्याचाही हात होता. आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धात आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात त्याने सैनिकांना जंगलात लढायला शिकवलं. १९४४ मध्ये त्याचं नरभक्षकांवरचं पहिलं गाजलेलं पुस्तक निघालं ते मुंबईहून.

१९४७ च्या अखेरीस तो बहीण मॅगीसोबत केनियाला गेला. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे वारला. जड दुनळी पुढे अमेरिकेत एल्मर कीथ या नावाजलेल्या बंदूकतज्ज्ञाकडे गेली. चांदीच्या पट्टीची हलकी रिग्बी त्याच्या प्रकाशकांकडे राहिली, आणि अनेक वर्षांनी जिथे घडली त्या रिग्बी कंपनीकडे परत पोहोचली.