भास्कराचार्यांचे चाक

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे. त्याच्या ईशान्येस उज्जैन आणि नैर्ऋत्येस धार. उज्जैनवरून जाणारी याम्योत्तर रेषा मूळ धरून आपले जुने ज्योतिर्विद गणित मांडीत. धारच्या भोजराजाने एका पंडिताला विद्यापती ही पदवी दिली होती. त्याच पंडिताच्या वंशात काही पिढ्यांनी भास्कराचार्य जन्मले. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४.

जन्मगाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड. ते नेमके कोठले, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. कोणी बीड म्हणतात, कोणी चाळीसगावजवळचे पाटण, तर कोणी विजापूर. आपल्या अंकाप्रमाणे आचार्यांवरही मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांचा हक्क आहे, असे म्हणून पुढे जावे हे बरे.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्याचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे चार भाग आहेत. लीलावतीचे नाव घरोघरी ठाऊक असते. गोलाध्यायातील यंत्रांच्या प्रकरणाकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. वास्तविक यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते आधी पाहावे.

तेथे एक स्वयंवह चाक सांगितले आहे. हलक्या लाकडाचे चाक घ्यावे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवावेत, ते सर्व एकाच दिशेला थोडे झुकलेले असावेत. आरे पाऱ्याने अर्धे भरून तोंडे बंद करावीत व चाक आसावर चढवावे. मग ते आपोआप फिरत राहील. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्येच अशा चाकाची कल्पना मांडली होती. कोणाचा हात न लागता फिरणारे यंत्र ज्योतिर्विदांना हवे होते.

ते चाक फिरत राहत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका बाजूचा पारा परिघाकडे सरकून जोर करतो, पण दुसऱ्या बाजूला त्या वेळी भरलेल्या आऱ्यांची संख्या अधिक असते. दोन्ही जोर सारखे होतात आणि आसाचे घर्षण उरलेली गती खाऊन टाकते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाला. आचार्यांना हसण्याचे कारण नाही, आणि त्यांच्या चाकावरून फुशारकी मारण्याचेही नाही. ज्या ठिकाणी कोणाचा हात पोहोचत नाही तेथे चाक फिरवायचे कशाने, हा त्यांचा प्रश्न मात्र खराच होता.

७ जून १९७९ रोजी रशियाच्या भूमीवरून भारताचा ‘भास्कर’ उपग्रह अवकाशात गेला. स्थैर्यासाठी तो स्वतःभोवती फिरत असे. तेथे आस नाही, वारा नाही. एकदा दिलेली गिरकी दीर्घकाळ टिकते. आचार्यांच्या स्वप्नाच्या इतके जवळ दुसरे काही आले नसेल! पण चाकाकडून काम करून घ्यायचे म्हटले की अडचणी सुरू होतात. साधे तेल निर्वातात उडून जाते, उघडा धातू धातूला चिकटतो. म्हणून दातेरी चाकांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या कोरड्या वंगणाचा लेप देतात. १९८९ साली निघालेल्या अमेरिकेच्या गॅलिलिओ यानाचा छत्रीसारखा मोठा अँटेना १९९१ मध्ये उघडलाच नाही. असा लेप झिजल्याने त्याच्या काड्या अडकल्या, असे तपासात ठरले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेल्या २६ किलोच्या ‘प्रज्ञान’ गाडीला सहा चाके होती, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. ती सुमारे १०० मीटर चालली. सप्टेंबरच्या आरंभी, चंद्रावर रात्र होण्यापूर्वी, तिला झोपविण्यात आले. ती पुन्हा जागी झाली नाही. तिचा पारा म्हणजे सूर्यप्रकाश.

लीलावतीच्या लग्नघटिकेची कथा सर्वांना माहीत आहे. घटिकापात्राच्या छिद्रात मोती अडकला आणि मुहूर्त टळला. ही कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ च्या फार्सी भाषांतरात सांगितली. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. पण एवढ्याशा वस्तूने यंत्र कसे बंद पडते, हे तिच्यात बरोबर आले आहे. स्वतः आचार्यांनी सर्व यंत्रांत बुद्धीचे यंत्र श्रेष्ठ मानले. हाती एक काठी असली तरी त्यांना पुरे होती.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पुढे नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटण येथे मठ काढला. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात असून शेवटी काही ओळी मराठीत आहेत. मठाला काय काय द्यावे, ते त्यांत आले आहे: गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक एक पळी तेल.