बिननुक्त्याची गोष्ट

उर्दू लिहिणाऱ्याला नुक्त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. एक नुक्ता वर दिला तर 'खुदा' होते, तोच खाली दिला तर 'जुदा' होते. 'बे', 'ते', 'जीम', 'शीन', 'नून' अशी कितीतरी अक्षरे नुक्त्यांवरच ओळखली जातात. मग एखाद्याने ठरवले, की नुक्ता असलेले एकही अक्षर न वापरता मी पूर्ण गोष्ट लिहीन, तर लोक त्याला वेडाच म्हणतील! सय्यद इन्शा अल्ला खान यांनी तसे ठरवले आणि लिहूनही दाखवले.

इन्शा यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्याला बंगालमधील मुर्शिदाबाद येथे झाला. त्यांचे वडील मीर माशा अल्ला खान हे हकीम होते. तरुणपणी इन्शा दिल्लीला बादशहा शाह आलम यांच्या दरबारात आले. त्या काळी बादशाही नावापुरतीच उरली होती. दरबारात शायरांना मान होता, पण खजिना रिकामा होता. म्हणून इतर अनेक शायरांप्रमाणे इन्शाही लखनौला गेले. तेथे आधी शहजादा सुलेमान शुकोह यांच्याकडे आणि पुढे नवाब सआदत अली खान यांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला.

इन्शा हजरजबाबी होते. नवाबांनी विषय द्यावा आणि इन्शांनी तेथल्या तेथे शेर रचावा, हा रोजचाच प्रकार झाला. मुसहफी या थोर शायराशी त्यांचा वाद तर इतका वाढला, की दोघांच्या शागिर्दांनी एकमेकांची टर उडवत मिरवणुका काढल्या, असे सांगतात. या भांडणात इन्शांची बरीच बुद्धी वाया गेली.

परंतु हाच माणूस घरी बसून स्वतःसाठी कडक नियम करत असे. 'सिल्क-ए-गौहर' ही त्यांची बिननुक्त्याची गोष्ट. या नावाचा अर्थ मोत्यांची माळ असा आहे. ते उर्दूत लिहून पाहा, त्यातही नुक्ता नाही! आता नुक्ते सोडले की हातात काय उरते? 'में' लिहिता येत नाही, 'ने' येत नाही, 'पर' येत नाही. 'था' गेला, 'नहीं' गेला. 'का', 'को', 'से', 'है' तेवढे राहिले. 'राजा' म्हणता येत नाही, कारण त्यात 'जीम' आहे; 'मलिक' म्हणता येते. 'गया' चालत नाही, 'हुआ' चालतो. लेखकाचे स्वतःचे नावसुद्धा या नियमात बसत नाही, कारण 'इन्शा' या शब्दात 'नून' आणि 'शीन' मिळून चार नुक्ते आहेत. नेहमीचा शब्द बंद झाला, की दुसरा शोधावाच लागतो. तो मिळाला नाही, तर वाक्यच नव्याने मांडावे लागते. अशा वेळी सवयीने लिहून चालत नाही.

हा मार्ग अगदी नवा नव्हता. अकबराच्या दरबारातील फैजी यांनी कुराणावरील एक मोठे अरबी भाष्य बिननुक्त्याच्या अक्षरांतच लिहिले होते. ते १५९३ मध्ये पूर्ण झाले.

इन्शांचा दुसरा नियम याहून सुंदर होता. अरबी-फारसी शब्द नको, संस्कृतप्रचुर भाषा नको आणि खेडवळ बोलीही नको. चारचौघे भले लोक आपसांत बोलतात त्या साध्या हिंदवीत एक कहाणी लिहायची, असे त्यांनी ठरवले. एका वयोवृद्ध विद्वानाने हे होणे नाही म्हणून नाक मुरडले. त्यामुळे इन्शांना अधिकच चेव आला. त्यातून 'रानी केतकी की कहानी' जन्माला आली. रानी केतकी आणि कुंवर उदयभान यांच्या प्रेमाची ही कथा आज उर्दूवाले आणि हिंदीवाले दोघेही आपली मानतात. तिच्यातील काही वाक्यांची ठेवण मात्र फारसी वळणाची राहिली. शब्द बाहेर ठेवता आले, पण वळण लपले नाही.

१८०८ मध्ये इन्शांनी काही दिवस आपली रोजनिशी तुर्की भाषेत लिहिली. त्याच सुमारास मिर्झा कतील यांच्या मदतीने त्यांनी 'दर्या-ए-लताफत' हा उर्दूच्या व्याकरणाचा फारसी ग्रंथ पूर्ण केला. दिल्लीत कोण कसे बोलतो, हे त्यांनी कान देऊन ऐकले होते. परका शब्द उर्दूत रुळला की तो उर्दूच झाला, मूळ भाषेत तो कसाही असो, असे मत त्यांनी त्यात मांडले. ज्याने एकेक परका शब्द वेचून बाजूला काढला होता, त्यानेच हे सांगावे, हे विशेष!

पुढे नवाबांची मर्जी फिरली. शेवटच्या काळातील त्यांच्या हलाखीचे करुण वर्णन मुहम्मद हुसेन आझाद यांनी 'आब-ए-हयात' या ग्रंथात केले आहे. आजचे अभ्यासक ते सर्वच खरे मानत नाहीत. १८१७ मध्ये लखनौ येथे इन्शांचे निधन झाले.

तोपर्यंत हे ग्रंथ हस्तलिखितांतच होते. 'दर्या-ए-लताफत' १८५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, मुर्शिदाबादला छापले गेले. 'रानी केतकी'ची कहाणी विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी आपल्या महाराष्ट्रातील त्या वेळच्या औरंगाबादहून पुन्हा प्रसिद्ध केली. बिननुक्त्याची 'सिल्क-ए-गौहर' मात्र रामपूरच्या ग्रंथालयात पडून होती. ती १९४८ मध्ये छापून वाचकांच्या हाती आली.