कर्जाचा लगाम कोणाच्या हाती?

शहराने कर्ज काढून पाणी, गटारे, मंडया उभाराव्यात काय, आणि काढल्यास त्यावर अंकुश कोणाचा, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे जुना आहे. या वादातून ज्यांचे सार्वजनिक जीवन घडले, त्या सर फिरोजशहा मेहता यांचे चरित्र आज पुन्हा चाळण्याजोगे आहे.

फिरोजशहांचा जन्म १८४५ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम. ए. होऊन ते विलायतेस गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. त्या वेळी शहराचा कारभार १८६५ च्या कायद्यानुसार चालत असे. सर्व कार्यकारी सत्ता आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती होती. त्यांच्यावर नजर ठेवण्याचे काम सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींकडे होते. क्रॉफर्ड कर्तबगार खरे. रस्ते, गटारे, स्वच्छता यांना त्यांनी वेग दिला आणि १८६९ मध्ये त्यांच्या नावाची प्रसिद्ध मंडई उभी केली. परंतु कापसाच्या तेजीचा फुगा १८६५ मध्येच फुटला होता आणि खर्चाला मात्र धरबंध उरला नव्हता. तिजोरी रिती झाली, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदाते खवळून उठले.

अवघ्या सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी या वेळी लोकप्रवाहाविरुद्ध जाण्याचे धाडस केले. क्रॉफर्ड यांच्या कामांनी शहराचे आरोग्य सुधारले, हे त्यांनी संतप्त श्रोत्यांसमोर स्पष्टपणे मांडले. अर्थातच सभेला ते रुचले नाही. दोष एका अधिकाऱ्याचा नसून कोणालाच जबाबदार नसलेल्या नियुक्त मंडळाचा आहे, असे त्यांचे निदान होते. कार्यक्षम आयुक्त हवाच. मात्र कर आणि अंदाजपत्रक यांवर करदात्यांनी निवडलेल्या सभेचे नियंत्रण हवे आणि हिशेबाची स्वतंत्र तपासणी हवी, हा त्यांचा उपाय होता.

१८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका आली आणि त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. पुढे १८८८ चा कायदा घडविताना विधिमंडळात फिरोजशहांच्या जोडीला न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. या कायद्याने खर्चाची चावी महापालिका आणि तिची स्थायी समिती यांच्याकडे दिली. कर तारण ठेवून कर्ज उभारण्याचा अधिकार महापालिकेला मिळाला. पण त्यासाठी सरकारची संमती आणि फेडीसाठी स्वतंत्र निधी राखण्याचे बंधनही आले. तानसाचे पाणी १८९२ साली शहरात आले, ते याच काळात. फिरोजशहा चारदा महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथील प्रभावी पुरुष राहिले.

त्यांचे चरित्र निर्दोष मानण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखी करदाता म्हणजे प्रामुख्याने मालमत्तेचा धनी. चाळीतला भाडेकरू भाड्यातून कर भरी, परंतु मतपेटीपाशी त्याला स्थान नव्हते. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची निवडणूक होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. दुसरीकडे, प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने स्थापन केलेल्या सुधार विश्वस्त मंडळाने तोच जुना दोष परत आणला. महापालिकेने पैसा पुरवायचा आणि तिचे प्रतिनिधी मात्र अल्पमतात, अशी ती व्यवस्था होती. १८७१ च्या कसोटीवर ती उतरत नव्हती. अखेर १९३३ मध्ये ते मंडळ महापालिकेत विलीन झाले.

ही कसोटी आजही शिळी झालेली नाही. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीवाचून शंभर कोटींचे रोखे विकले. पुण्याने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी दोनशे कोटी उभारले. त्या वेळी निदान निर्वाचित सभा अस्तित्वात होती. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये नदी सुधारणेसाठी दोनशे कोटींचे रोखे काढले, तेव्हा मात्र सभागृहाची मुदत संपलेली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. योजना चांगली की वाईट, हा प्रश्न येथे नाही. व्याजाचा भार ज्यांच्या करांवर पडणार, त्यांच्या प्रतिनिधींनी तो ठराव तपासला, वादला आणि मंजूर केला काय, हा खरा प्रश्न आहे.

कर्ज काढण्यास भिणारे शहर तहानलेले राहते, हे तानसाने दाखविले. कोणालाही न विचारता काढलेले कर्ज शहराला कोठे नेते, हे क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीने दाखविले. मुंबई महापालिकेच्या दारात उभा असलेला फिरोजशहांचा पुतळा या दोन धड्यांची आठवण देतो. रोख्यांच्या ठरावावर हात वर करणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाने, आणि त्याला निवडून देणाऱ्या मतदाराने, ती ठेवावयास हवी.