अंगणातल्या शाळेच्या अनुताई

अनुताई वाघ यांच्या शिक्षकी पेशाची सुरुवात आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळेत झाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९१० साली पुणे जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. बालवयात लग्न झाले आणि लगेच वैधव्य आले. तरी शिक्षण सोडले नाही. नोकरी सांभाळून त्या मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशीत पदवीधरही.

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांसोबत त्या बोर्डीला गेल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली.

पण जागा बदलली म्हणजे शिक्षण बदलते असे नव्हे. उघड्यावर, बाकांशिवाय, वेगवेगळ्या वयाच्या मुलांना कसे शिकवायचे, हे शिक्षिकांनाही शिकावे लागते. म्हणून बालवाडीबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षणही त्यांनी आयुष्यभर चालवले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्या गेल्या.

आज शाळांना डिजिटल फळे, टॅब आणि हलवता येणारी बाके भेट देताना आपण माजी विद्यार्थी फोटो काढून मोकळे होतो. वर्षभरात त्या फळ्यावर धूळ बसते. पुढच्या वेळी पिंपळगावच्या शाळेला काही द्यायचे ठरवू, तेव्हा गुरुजी-बाईंच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्यात धरू या.