पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीर्णोद्धार आणि त्यापुढील जबाबदारी



आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पूर्ण झाला. जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रात ज्यांचे नाव प्रथम ओठावर येते, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या चरित्राचे या मंगल प्रसंगी स्मरण करणे उचित होईल.

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून, त्या जिल्ह्याला 2024 साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी बालवयातच त्यांचा विवाह झाला. सुनेची हुशारी ओळखून मल्हाररावांनी दौलतीचा हिशेब व पत्रव्यवहार त्यांच्यावर सोपविला.

सुख मात्र त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. 1766 साली मल्हारराव गेले व पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव वारले. घरात कर्ता पुरुष उरला नाही असे पाहून राघोबादादांनी होळकरांच्या दौलतीकडे मोहरा वळविला. अहिल्यादेवी डगमगल्या नाहीत. त्यांनी लढाईची सिद्धता केली, थोरल्या माधवराव पेशव्यांची संमती मिळविली व संकट टाळले. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन नर्मदाकाठच्या महेश्वरातून त्यांनी सुमारे 28 वर्षे कारभार पाहिला. विणकरांना तेथे आश्रय दिला. महेश्वरी लुगडे प्रसिद्धीस आले. रानवाटांवर प्रवाशांना उपद्रव होई, तेव्हा त्यांनी भिल्लांवरच वाटांच्या रक्षणाची जबाबदारी सोपविली व त्याबद्दल ठरावीक कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला.

त्यांच्या दानधर्माची व्याप्ती पाहिली म्हणजे मन थक्क होते. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी 1780 साली नव्याने उभारले. 1783 साली सोमनाथ येथे जुन्या भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधले. गयेचे विष्णुपद मंदिर 1787 साली बांधून घेतले. वेरूळच्या घृष्णेश्वराचाही जीर्णोद्धार केला. याशिवाय ठिकठिकाणी घाट, विहिरी, बारवा व धर्मशाळा बांधविल्या. यांतील पुष्कळ ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेरची होती. तेथून त्यांना एक पैचाही वसूल मिळत नव्हता.

हा पैसा आला कोठून, हे आपण सर्वांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. होळकरांच्या दौलतीत सरकारी वसूल वेगळा व खासगीचे उत्पन्न वेगळे होते. रयतेच्या कराला हात न लावता खासगीच्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ते धर्मकार्यास वाहिले. हिशेबाच्या बाबतीत त्या अत्यंत काटेकोर होत्या.

त्यांची दुसरी दृष्टी याहूनही मोलाची आहे. मंदिर बांधून त्यांनी पाठ फिरविली नाही. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती व अन्नछत्र यांसाठी कायमचे उत्पन्न लावून दिले. महसुलाच्या दप्तरात देवस्थान इनामाच्या जमिनी वर्ग 3 म्हणून नोंदलेल्या असतात व शासनाच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत, हे आपण जाणतोच. देवाची सेवा पुढच्या पिढीच्या मर्जीवर सोडू नये, हाच अशा जुन्या नेमणुकांमागील विचार होय.

मुक्या जीवांचीही त्यांनी अशीच सोय केली. पिकावरून राखणदारांनी हुसकलेल्या पाखरांसाठी त्यांनी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन मोकळी सोडली. नर्मदेतील माशांना अन्न टाकले जाई. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यास वाटांवर माणसे नेमली होती. नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांना पाणी पाजले जाई. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या पश्चात माळव्यातील लोकांकडून ऐकून या गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत. देऊळ, पाणी, झाड व पाखरू ही त्यांच्या लेखी वेगवेगळी खाती नव्हती.

उतारवयात नातू गेला. 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले व कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने केलेली विनवणी व्यर्थ ठरली. एवढे दुःख पचवूनही त्यांनी कारभार सोडला नाही. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

बंधु-भगिनींनो, कळस चढविण्याचे काम एकदाच करावयाचे असते. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छपराची गळती कोणी पाहावयाची, बारवेतील गाळ कोणी काढावयाचा, पारावरील पिंपळाच्या मुळाशी सिमेंट ओतले जाऊ नये याची काळजी कोणी घ्यावयाची, हे आजच ठरले पाहिजे. जमलेल्या देणग्यांतून जे शिल्लक राहील ते उत्सवाच्या रोषणाईत खर्ची न घालता देखभालीसाठी कायम ठेव म्हणून ठेवावे आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी देवळात सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, अशी नम्र सूचना आहे. असे झाले तर आपल्या नातवंडांवर पुन्हा जीर्णोद्धाराची वर्गणी मागण्याची पाळी येणार नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन.